शनिवार-रविवारात मावेल एवढा मुलूख

मुंबईहून बंगळूरला निघालेला माणूस साधारण हजार किलोमीटर गेला की पोचतो. मुंबईहून भामरागडला निघालेला त्याहून जास्त अंतर कापतो आणि तरी महाराष्ट्रातच असतो. ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचं हे राज्य १ मे १९६० रोजी एका नकाशात आलं. स्वातंत्र्याआधी त्याचे भाग निरनिराळ्या कारभारांखाली होते. कोकण, देश आणि खानदेश मुंबई इलाख्यात, मराठवाडा निजामाकडे, नागपूर-वऱ्हाड मध्य प्रांतात आणि कोल्हापूर-सावंतवाडीसारखी संस्थानं आपापल्या गादीखाली. त्याच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. दोनशे किलोमीटर गेलं की भाकरीचं धान्य बदलतं, बोलीतला हेल बदलतो, देवळाची घडण बदलते, नाटक किती वाजता सुरू होतं आणि किती वाजता संपतं तेही बदलतं.

आपल्या हातात मात्र शुक्रवारची संध्याकाळ ते रविवारची रात्र एवढाच वेळ असतो. त्यामुळे पुण्या-मुंबईची बहुतेक कुटुंबं लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग या तीन नावांत फिरत राहतात आणि रविवारी संध्याकाळी घाटात अडकून दमून घरी येतात. ही ठिकाणं वाईट नाहीत. सगळ्यांनी एकाच दिवशी तिथे जायचं ठरवणं वाईट आहे. माझं म्हणणं असं, की दोन दिवसांची सहल ठरवताना नकाशा शेवटी उघडावा. आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं: वार कुठला, तिथी कुठली, महिना कुठला. मग एकच मुलूख निवडावा आणि दोन्ही दिवस त्यालाच द्यावेत.

अंतराचा हिशेब किलोमीटरमध्ये केला तर फसायला होतं. समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर आहे, जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला आणि चारचाकीला तिथे ताशी १२० पर्यंत वेगाची मुभा आहे. कोकणात उतरणाऱ्या घाटात ताशी तीस पडले तरी नशीब. म्हणून मोजायचं ते तासांत. शनिवार-रविवार मिळून माणूस जागा असतो तीसेक तास. त्यातले जाऊन-येऊन आठ तास चाकांवर गेले तर उरलेल्या वेळात काही बघून होतं. बारा तास गेले तर गाव बघितलं असं म्हणता येत नाही. म्हणजे एका बाजूचा प्रवास चार तास, फार तर पाच. आपल्या शहराभोवती चार तासांची रेघ ओढून बघा. छत्रपती संभाजीनगरकरांच्या रेघेत लोणारचं विवर येतं, सिंदखेडराजा येतं. नाशिककरांच्या रेघेत बागलाण आणि साल्हेर. नागपूरकरांच्या रेघेत ताडोबा, चिखलदरा, वैनगंगेचं खोरं. सोलापूरकरांच्या रेघेत नळदुर्ग, तुळजापूर, अक्कलकोट आणि थोडं पलीकडे गेलं की विजापूरसुद्धा.

समृद्धीमुळे काही रेघा लांबल्या आहेत. पूर्वी नाशिकच्या माणसाने दोन दिवसांत लोणार मनात आणलं नसतं. आता आणता येतं. पण हा रस्ता सरळ आणि एकसुरी आहे, डोळा लागतो, उन्हाळ्यात टायर तापून फुटतात. दर दोन तासांनी थांबायचं हे घरातून निघतानाच ठरवून ठेवावं. दुचाकींना या महामार्गावर परवानगी नाही, त्यामुळे बुलेटवरून निघणाऱ्या मंडळींनी जुन्याच रस्त्याचा हिशेब धरावा.

एक मुलूख निवडायचा म्हणजे काय, हे उलट्या उदाहरणाने लवकर कळतं. मुंबईहून शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी सकाळी शिर्डी, दुपारी शनिशिंगणापूर, रात्री संभाजीनगर, रविवारी वेरूळ, दौलताबाद, पाणचक्की, बीबी का मकबरा, जमलं तर अजिंठा आणि रात्री परत. असा बेत लाखो लोक आखतात. त्यात अजिंठा नेहमी कापला जातो किंवा धावत उरकला जातो. अजिंठा संभाजीनगरहून सुमारे शंभर किलोमीटर. आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवावी लागते, तिथून बसने वर जायचं, मग चढ. लेण्यांमधला उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, कारण भिंतींवरचे रंग दीड हजार वर्षांचे आहेत. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत गेलं की पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. डोळा सरावला की आधी छतावरची कमळं आणि हंस उमटतात, मग दारामागचा एखादा चेहरा, मग सबंध भिंत गोष्ट सांगायला लागते. ज्याला त्या दिवशी अजून तीन ठिकाणं उरकायची असतात, तो डोळा सरावण्याआधीच बाहेर पडतो. अजिंठ्याला एक अख्खा दिवस, वेरूळला एक अख्खा दिवस, रात्री शहरात नान-कलिया, झालं. शिर्डी दुसऱ्या खेपेला.

इथेच वाराचा मुद्दा येतो. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. घारापुरीही सोमवारी बंद. सोमवारची सुट्टी जोडून येते तेव्हा लोक खूश होऊन अजिंठा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवतात आणि बंद दारातून परततात. अशा वेळी क्रम शनिवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ. ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्याचे तीन महिने, जुलै ते सप्टेंबर, गाभ्यातली सफारीच थांबते. बफर क्षेत्र तेव्हाही बरंचसं चालू असतं. ताडोबाचं शनिवार-रविवारचं शुल्क इतर दिवसांपेक्षा जास्त असतं आणि जागा कितीतरी आधी भरतात. म्हणून वाघासाठी जायचं असेल तर शुक्रवारची एक रजा टाकून गुरुवारी रात्री निघावं. पैसे वाचतात आणि जंगलात गाड्यांची रांगही कमी असते.

आता तिथी. कोकणातली सहल तिथी न बघता ठरवणं म्हणजे समुद्राला न विचारता त्याच्या घरी जाणं. किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीचा हिशेब तोंडी करतात: चालू तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला समुद्र भरलेला. दशमी असेल तर साडेसात. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. वद्य पक्ष असो की शुद्ध, रीत तीच. काटेकोर वेळ हवी तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघावं, पण सहल ठरवायला ही पाऊणकी पुरते.

अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला चालत जाता येतं, घोडागाडीही जाते. भरतीला तोच किल्ला पाण्यात. शनिवारी षष्ठी असेल तर साडेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास ओहोटी. पण षष्ठी-अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, तसं फार ओसरतही नाही. वाट कोरडी मिळेलच असं नाही, आणि चालत जायचं की होडीने, हे किनाऱ्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय ठरवू नये. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात समुद्र लांबवर मागे जातो, पण ओहोटी येते सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे. म्हणजे भल्या पहाटे निघालेल्याला किल्ला मिळतो आणि नऊला नाश्ता करून आलेल्याला फक्त पाणी दिसतं. किल्ल्यात गेलेल्याने घड्याळाकडे लक्ष ठेवावं. परतताना गुडघ्याला लागलेलं पाणी बघता बघता कमरेला येतं.

पावसाळ्यात तर समुद्र वाटच बंद करतो. मालवणहून सिंधुदुर्गाला जाणाऱ्या होड्या मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत थांबतात, जंजिऱ्याची शिडाची होडीही त्या दिवसांत नसते. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. ताज्या पापलेटाच्या आशेने जुलैत मालवण गाठणाऱ्याला बर्फातल्या मासळीचं ताट मिळतं, म्हणून तेव्हा खाडीतली मासळी किंवा सुकटीचं कालवण मागावं. तेही उत्तम असतं.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मुंबईकरांसाठी वेळासची खेप मला सगळ्यात आवडते. वेळास मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या मुखाजवळ. नाना फडणविसांचं गाव. ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ पासून ती जपायला सुरुवात केली. त्याआधी अंडी गोळा करून खाल्ली किंवा विकली जात. आता वाळूतली अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात हलवतात आणि त्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलून बघतात. पिल्लं निघाली असतील तर ती पाण्यापासून थोडी लांब वाळूवर सोडतात, म्हणजे ती स्वतःच्या पायांनी चालत जातात. तळहाताच्या निम्म्या आकाराचं, राखाडी रंगाचं पिल्लू वाळूतल्या माणसाच्या पाऊलखुणेत पडतं, तिथून वर चढायला त्याला चार-पाच झटके मारावे लागतात, मग पुन्हा पुढची पाऊलखूण. म्हणून तिथले कार्यकर्ते लोकांना दोरीच्या मागे उभं करतात आणि फ्लॅश मारू देत नाहीत. पिल्लं कुठल्या दिवशी निघतील हे कुणी लेखी देत नाही. तीन वेळा बघण्याची संधी मिळावी म्हणून शनिवारी दुपारपर्यंत पोचून शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ आणि, जमलं तर, रविवार संध्याकाळ अशी मांडणी करावी आणि सोमवारी पहाटे निघावं. राहायचं गावातल्या घरांत. जेवायला किती माणसं, शाकाहारी किती, हे दोन दिवस आधी कळवायचं. काकू बाजार एकदाच आणतात.

वेळासला जायची वाट हाच अर्धा प्रवास आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसह नेणारी रो-रो बोट २०२० पासून चालते. तिथून अलिबाग, मुरूड करत आगरदांड्याला यायचं, फेरीबोटीने दिघीला उतरायचं, दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर मागे टाकत बागमांडल्याला यायचं आणि शेवटच्या फेरीबोटीने वेसवीला. तीन वेळा गाडी पाण्यावर चढते. महामार्गाने जाण्यापेक्षा वेळ जास्त लागतो, आणि मी वर घातलेली चार-पाच तासांची रेघ इथे खुशाल मोडावी, कारण हा वेळ वाया जाणारा नाही. या खाड्यांवर पूल बांधायचं घाटत आहे. ते होण्याआधी एकदा असं जाऊन यावं.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी चाळीसगावसारखं ठिकाण नाही, आणि चाळीसगावचं नाव सहलीच्या यादीत जवळजवळ कुणी घेत नाही. मुंबई-भुसावळ मार्गावरचं मोठं स्टेशन, गाड्या भरपूर. गावापासून अठराएक किलोमीटरवर पाटणादेवी. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या पायथ्याशी चंडिकेचं जुनं दगडी देऊळ आहे, मागे डोंगराची भिंत आणि पावसाळ्यात तिच्यावरून कोसळणारे धबधबे. पण या जागेचं खरं मोल एका शिलालेखात आहे. लीलावती लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालू राहावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापन केला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न लावून दिलं, असं तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा लेख सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. गणित शिकवण्यासाठी जमिनीचं उत्पन्न तोडून दिल्याची नोंद दगडावर असलेलं गाव आपल्या राज्यात आहे, आणि गणितात रस असलेल्या मुलांना आपण तिथे नेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी औट्रम घाट, म्हणजेच कन्नडचा घाट चढून वर जायचं. घाटाखाली खानदेश: अहिराणी बोली, कळण्याची भाकरी, हिवाळ्यात वांग्याचं भरीत आणि बाराही महिने शेवभाजी. घाट चढला की मराठवाडा. घासाची चव आणि शब्दाची ठेवण एवढ्याशा अंतरात पालटते, ती कानाने आणि जिभेने टिपावी. वर कन्नडच्या बाजूने पितळखोऱ्याची लेणी. इसवी सनापूर्वी कोरायला घेतलेली, दरीत पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वेरूळच्या गर्दीतला शंभरावा माणूसही इकडे येत नाही. परत चाळीसगावात उतरून गाडीची वेळ होईपर्यंत केकी मूस यांचं कलादालन बघावं. मूस १९१२ ते १९८९ या काळातले. जगभर पारितोषिकं मिळवणारा हा छायाचित्रकार चाळीसगावच्या आपल्या बंगल्यातून अनेक दशकं जवळपास बाहेरच पडला नाही. जाण्याआधी फोन करून दालन उघडं आहे का ते विचारून घ्यावं.

आता राज्याचं दुसरं टोक. नागपूरकर दोन दिवस काढतो तो वाघासाठी किंवा चिखलदऱ्यासाठी. चिखलदरा ठीकच. मेळघाट १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक आहे आणि महाराष्ट्रात कॉफी पिकते ती तिथे. पण दिवाळी ते होळी या दिवसांत नागपूरपासून दीडशे किलोमीटरवर जे घडतं त्याला राज्यात दुसरी जोड नाही, आणि पुण्या-मुंबईच्या नाटकवेड्या माणसानेही त्यासाठी एक रात्रीची रेल्वे पकडावी. तो मुलूख म्हणजे झाडीपट्टी: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांचा भाताचा, तलावांचा आणि जंगलाचा पट्टा.

धान कापून घरात आलं की इथे नाटकाचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं केंद्र. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या इथे आहेत. गावोगावची मंडळं इथे येऊन प्रयोग ठरवतात. ज्या गावात नाटक असतं तिथे बहुधा दिवसा शंकरपटही असतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. लेकी-जावई, सोयरे सगळे त्या दिवशी गावात येतात, लग्नं जुळतात, देणीघेणी मिटतात. रात्रीची जेवणं आटोपून लोक मंडपात चादरी अंथरतात. दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडं आरवेपर्यंत नाटक चालतं. गाणी ध्वनिमुद्रित नसतात, नट स्वतः गातात, पेटी-तबला समोर. प्रेक्षक मनापासून दाद देतो आणि कंटाळला तर तेही लपवत नाही. शहरातल्या नाट्यगृहांना अनुदान लागतं. ही रंगभूमी शेतकऱ्याच्या खिशातल्या तिकिटावर उभी आहे. झाडीपट्टीतले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्रातल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

यासाठी बेत असा आखावा. शनिवारी सकाळी नागपूरहून नागभीड-ब्रह्मपुरीमार्गे वडसा. बाजारात चहाच्या टपरीवर विचारलं की आज कुठल्या गावात कुठलं नाटक आहे ते कळतं, भिंतींवर फलकही असतात. ‘काय जी, आज कुठं आहे नाटक?’ असं विचारलं की माणूस नुसतं गाव सांगत नाही, वाटही सांगतो. दुपारी दोन तास झोप काढावी, हे फार महत्त्वाचं. शाल किंवा घोंगडी बरोबर असावी, डिसेंबरात पहाटे चांगलंच गारठतं. रविवारी सकाळी झोप झाल्यावर उत्तरेला अर्जुनी-मोरगावकडे निघायचं. वाटेत गोठणगावला तिबेटी वसाहत लागते. १९७० च्या दशकात तिबेटी निर्वासित इथे आले, शेती करू लागले. भाताच्या बांधापलीकडे बौद्ध मठ आणि प्रार्थनेच्या पताका दिसतात. पुढे नवेगाव बांधचा तलाव. या भागातले जुने तलाव कोहळी समाजाने बांधले आणि नवेगावचा बांध कोलू पाटलांनी घातला अशी परंपरा सांगते. डोंगरांमधल्या फटी तेवढ्या बांधून काढल्या आणि उरलेलं काम टेकड्यांवर सोपवलं, ही त्या बांधणीतली हुशारी तलावाच्या काठावर उभं राहिलं की डोळ्यांना दिसते. हिवाळ्यात पाणपक्षी असतात. तिथून साकोलीमार्गे राष्ट्रीय महामार्गाने संध्याकाळी नागपूर. एका दिवस-रात्रीत मराठी नाटक, तिबेटी मठ आणि कोहळ्यांचं जलशास्त्र, तेही एकाच खोऱ्यात.

सोलापूरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे बघायचं कमी आणि ऐकायचं-खायचं जास्त. एका चौकात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू कानावर येते. तेलुगू आली ती मागावर बसणाऱ्या पद्मशाली विणकरांबरोबर. शेंगाचटणी, कडक भाकरी, मटण. नळदुर्ग पन्नासेक किलोमीटरवर. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल केला. नदी भरून वाहिली की बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात आणि महालाच्या खिडकीतून पाण्याचा पडदा आतल्या बाजूने दिसतो. पण हा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस झाला तरच, आणि बहुधा उतरत्या पावसाळ्यात. नळदुर्गाला निघण्यापूर्वी पाणी आहे का विचारावं.

पावसाळ्याबद्दल आता गंभीरपणे. जून ते सप्टेंबर अख्खं शहर सह्याद्रीच्या त्याच पाच-सहा ओढ्यांवर जाऊन उभं राहतं. १५ जून २०२५ हा रविवार होता. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दी असताना कोसळला आणि चार माणसं गेली. अशा ठिकाणी पाण्याइतकीच गर्दीही धोक्याची असते. जिल्हाधिकारी दरवर्षी धबधबे, धरणं, काही किल्ले यांच्यावर बंदीचे आदेश काढतात. ते निघण्याआधी शोधून वाचावेत आणि पाळावेत. वरंध्यासारखे घाट पावसात वाहतुकीला बंद करतात, तेही आदल्या दिवशी बघावं. पाऊसच अनुभवायचा असेल तर ओढ्यात उतरण्याची गरज नाही. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गावातल्या घराच्या पडवीत बसून तो जसा भेटतो तसा धबधब्याखाली भेटत नाही, आणि रात्री टॉर्च घेऊन जाणकाराबरोबर बेडूक बघायला गेलं तर मुलं तो दिवस विसरत नाहीत. कास पठाराला सप्टेंबरात जायचं तर आधी नोंदणी करून, आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी. फुलं एवढीशी असतात, सोनकी, सीतेची आसवं, तेरडा. गुडघे टेकून बघावी लागतात. मागून लोटणारी रांग असली की ते होत नाही.

किल्ल्यांची आता एक सोयीची यादी झाली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हटलं. त्यांतले अकरा महाराष्ट्रात: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. एका शनिवार-रविवारात दोन किल्ले घ्यायचा मोह आवरावा. किल्ला आणि त्याचा मुलूख, एवढंच घ्यावं. सुवर्णदुर्ग घेतला की हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव आणि दापोली-आंजर्ले-केळशी. पन्हाळा घेतला की दुसरा दिवस खिद्रापूरच्या कोपेश्वराला, जिथे स्वर्गमंडपाच्या छताला गोल मोकळं आभाळ ठेवलेलं आहे. साल्हेर घेतला की बागलाणातलं एखादं खेडं आणि रात्री तिथेच मुक्काम.

गाडी नसलेल्यांनी यातलं काहीच जमणार नाही असं समजू नये. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात प्रवास मोफत आहे. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार आणि सात दिवसांचा पास जोडून सुट्टी आली की उपयोगी पडतो. आजी, आई आणि मुलगी अशा तिघी निघाल्या तर एसटीचं तिकीट पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं आणि तालुक्याच्या गावापासून पुढे वडाप असतंच. काही बेत मात्र ऐन वेळीच ठरतात. मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगातल्या तिथीने ठरत नाही. देवीचा कौल घेऊन दिवस जाहीर होतो, आणि त्याच दिवशी कोकण रेल्वेची तिकिटं संपतात. ज्यांना जायचं असतं ते डिसेंबरपासून कान लावून बसतात.

बाकी सगळं ठरलं की गुरुवारी संध्याकाळी मुक्कामाच्या घरी एक फोन करावा. पाऊस कसा आहे, रस्ता चालू आहे का, परवा गावचा आठवडी बाजार आहे का, कुठे जत्रा, पट, भजन, दशावतार आहे का, आणि रविवारी दुपारी परतीची शेवटची सोयीची एसटी किती वाजता सुटते. घाटातली गर्दी टाळायला रविवारी तीनच्या आत निघावं किंवा तिथेच जेवून रात्री नऊनंतर. रात्री गाडी चालवणारा ताजा नसेल तर सोमवारी पहाटे चारला निघून थेट कामावर जावं. त्यासाठी शनिवारच्या पिशवीत इस्त्रीचा एक जोड आधीच ठेवलेला असावा.